‘तेवढं सोडलं तर पोरगं गुणी आहे’

संक्रांत चार दिवसांवर आली होती. मी ओसरीवर सुपात तीळ निवडत बसले होते आणि समोर अंगणात आमच्या पुतण्याची कमिटी बसली होती. कमिटी म्हणजे पाच-सहा पोरं, एक शंभर पानी वही, दोन मोबाइल आणि माझ्या घरचा चहा. शेजारच्या तालुक्यात टेनिस बॉल क्रिकेटची ओपन टुर्नामेंट होती. आमच्या वालूरचा हा संघ दरवर्षी जातो आणि दरवर्षी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीत मान खाली घालून घरी येतो. यंदा मात्र पोरांनी चंग बांधला होता. बाहेरगावचे दोन गडी घ्यायची मुभा होती, त्यातला एक ठरला होता. दुसऱ्यावर खल चालला होता.

‘‘त्यालाच घ्यायचं,’’ पुतण्या म्हणाला. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पलीकडच्या गावचा डावखुरा पोरगा. ‘‘काकू, तुम्हाला कसं सांगावं, ते एकदा लागलं ना, की बॉल डायरेक्ट पल्याडच्या तुरीत! मागच्या दोन वर्षांत ते ज्या संघाकडून खेळलं, तो संघ फायनलला गेलाय.’’

एक पोरगं जरा घुटमळलं. ‘‘पण ते मागच्या वर्षीचं...’’

‘‘अरे सोड की. तेवढं सोडलं तर पोरगं गुणी आहे.’’

सुपातला माझा हात थांबला.

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही-आम्ही किती वेळा ऐकलंय? लग्नाच्या बैठकीत हमखास ऐकलंय. मुलगा नोकरीला आहे, पाच एकर बागायत आहे, दिसायला उजळ आहे, फक्त जरा ‘घेतो’. तेवढं सोडलं तर गुणी आहे. किंवा जरा तापट आहे, हात उचलतो म्हणतात, पण तेवढं सोडलं तर लाखात एक. आणि त्याच्यामागे लगेच दुसरं वाक्य येतं : लग्न झालं, जबाबदारी पडली, की सुधारेल. म्हणजे सुधारण्याची शाळा कुठली, तर आपली पोरगी! फी कोण भरणार, तीच. बिघडलं तर नाव कुणाचं जाणार, तिचंच. ‘तिला सांभाळता आलं नाही’ म्हणून.

खेळाच्या संघाचंही असंच स्थळ बघणं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. गुण मोजायचे, अवगुण ‘तेवढं सोडलं तर’च्या खाली सरकवायचे. आणि ‘आपल्या संघात आला की सुधारेल’ म्हणत अक्षता टाकायच्या.

आता ‘तेवढं’ म्हणजे काय, ते सांगते. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. गेल्या वर्षी ती नववीत होती. खो-खो असा खेळायची, की बघत राहावं. पाठलागावर असली की खांबाजवळ अशी काही झेपावायची, की पुढची पोरगी बाद झाल्यावरच तिला कळायचं. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेकडो पोरी पळताना बघितल्या, पण असे पाय क्वचित. संध्याकाळी मैदानावर या पोरींचा सराव चालायचा. हा डावखुरा बहाद्दर मोटारसायकलवर दोन मित्र घेऊन यायचा, कडेला गाडी लावायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. तिचेच. नंतर शिट्ट्या. नंतर घरापर्यंत मागे मागे. मग एक दिवस तो व्हिडिओ, वर गाणं चढवून, गावातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरला.

तिच्या वडिलांनी काय केलं असेल? पोलिसात गेले? त्याच्या घरी गेले? नाही. त्यांनी तेच केलं, जे आपल्याकडे शंभरातले नव्वद बाप करतात. पोरीचा सराव बंद केला. ‘‘शाळा सुटली की नीट घरी यायचं. लई झालं खेळणं.’’ त्यांना तरी काय दोष देऊ? पोरीची बदनामी होऊ नये म्हणून त्यांनी तिलाच घरात घेतलं. आणि तो? तो फायनल खेळत होता.

पोरं वाईट नव्हती हो. हीच पोरं आमच्या बारवेच्या साफसफाईला उतरली होती. आमच्या गावची एक बारव मोठी नवलाची आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता गोल फिरत फिरत पाण्यापाशी जातात. किती वर्षं ती गाळात आणि झुडपांत बुडाली होती. गावानं श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा ही पोरं गुडघाभर चिखलात उभी होती. आता लांबून लांबून लोक ती बघायला येतात. अशी ही पोरं. पण बॅट हातात आली की त्यांना त्या पोराचे षटकार दिसत होते आणि पोरीचा बंद झालेला सराव दिसत नव्हता.

मी म्हणाले, ‘‘त्याला घेऊ नका.’’

झालं! कमिटी माझ्यावर उलटली. ‘‘काकू, मोठमोठे संघसुद्धा घेतात. पृथ्वी शॉला नाही का आपल्या महाराष्ट्रानं घेतलं? त्याच्यावर काय कमी बोललं गेलं?’’

मला क्रिकेटातलं फार कळत नाही, असा या पोरांचा समज आहे. पण मी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. म्हटलं, बसा, त्याचंच बोलू.

पृथ्वी शॉ विरारचा. तो चार वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी एकट्यानं वाढवलं. विरारहून लोकलनं वांद्र्याला शाळेत आणि सरावाला न्यायचं, आणायचं, हे त्या बापानं वर्षानुवर्षं केलं. २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी या मुलानं हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा केल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या कप्तानीखाली भारतानं एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकला आणि त्याच ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत त्यानं शतक ठोकलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आपली पोरं अठराव्या वर्षी बारावीच्या निकालाची वाट बघत असतात.

मग घसरण लागली. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडला, खोकल्याच्या औषधातून बंदी असलेलं द्रव्य पोटात गेल्याचं निघालं, आठ महिन्यांची बंदी आली. पुढं वजन वाढलं, सरावाची, शिस्तीची ओरड सुरू झाली. २०२३ मध्ये मुंबईत एका हॉटेलबाहेर भांडण झालं, दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यातलं खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम, माझं नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यानं रणजीत आसामविरुद्ध ३७९ धावा काढल्या होत्या! पण २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईनं त्याला रणजी संघातून वगळलं आणि नोव्हेंबरात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही. २०२५ मध्ये त्यानं एका मुलाखतीत कबूल केलं, की आपण चुकीचे निर्णय घेतले, चुकीची संगत धरली, सराव कमी केला. त्याच वर्षी मुंबई सोडून तो महाराष्ट्राच्या संघात आला.

हा संघ आपला आहे, बरं का. क्रिकेटच्या नकाशात मुंबई निराळी, विदर्भ निराळा, आणि आपला परभणी जिल्हा महाराष्ट्र संघटनेत. म्हणजे परभणीच्या, बीडच्या एखाद्या पोराला रणजी खेळायची तर याच संघाच्या दारात उभं राहावं लागतं. बीडचा सचिन धस २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला, तेव्हा आपल्या मराठवाड्यात किती घरांत टीव्हीपुढे लोक उभे होते! असं पोरगं ज्या जागेची वाट बघतं, तीच एक जागा बाहेरून आलेल्या शॉला मिळाली. म्हणजे या निर्णयाची किंमत कुणी तरी मोजलीच आहे. अकरा म्हणजे अकराच.

तरीही मला विचाराल, तर शॉला घेतलं ते योग्य झालं असं मी म्हणेन. त्यानं पुढं २२२ धावांची खेळी केली म्हणून नव्हे. ती केलीच, २०२५ च्या ऑक्टोबरात चंडीगडविरुद्ध, १५६ चेंडूंत. सामनावीराचा मान मिळालेल्या ऋतुराज गायकवाडनं तो त्याच्यासोबत वाटून घेतला, हे मला त्या द्विशतकाहून जास्त आवडलं. पण आधीच्या केरळविरुद्धच्या सामन्यात शॉ पहिल्या डावात शून्यावर गेला होता. धावांवरून निर्णय योग्य-अयोग्य ठरवायचा तर दर आठवड्याला मत बदलावं लागेल. आणि त्याच महिन्यात गहुंजेला मुंबईविरुद्धच्या सरावाच्या सामन्यात १८१ काढून बाद झाल्यावर तो जुन्या सहकाऱ्याच्या अंगावर बॅट उगारत धावल्याचंही सगळ्यांनी बघितलंच. म्हणजे माणूस एका संघातून दुसऱ्यात गेला की स्वभावही गावाच्या वेशीवर ठेवून येतो, असं नसतं. लग्नानं नवरा सुधारत नाही, तसंच हे.

मग योग्य का म्हणते? कारण त्याच्या बाबतीतल्या मोठ्या चुकांची, म्हणजे सराव टाळला, वजन वाढवलं, संगत धरली, त्यांची किंमत आधी त्यानं स्वतः मोजली. जागा गेली, पैसा गेला, देशाची टोपी गेली. वरून त्यानं चूक आपल्या तोंडानं कबूल केली. असा पोरगा दार ठोठावत आला, तर आपण आत घेतो. आपल्या घरातलंच एखादं लेकरू असं वाहवत गेलं आणि परत आलं, तर आपण काय भाकरी झाकून ठेवणार आहोत? हॉटेलबाहेरच्या प्रकरणाचं मात्र मी यात धरत नाही. तिथं दुसरी बाजू आहे आणि तिचं ऐकायला न्यायालय आहे. उद्या निकाल काही लागला, तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

इथंच मला पोरांना फरक दाखवायचा होता. ‘वादग्रस्त खेळाडू’ हा एकच शब्द आपण सगळ्यांना लावतो. पोळी करपली आणि घर जळलं, दोन्हींना ‘स्वयंपाकघरातली चूक’ म्हणावं, तसं ते आहे. एकानं स्वतःचं नुकसान केलेलं असतं. दुसऱ्यानं दुसऱ्याचं केलेलं असतं. पहिल्याला दुसरी संधी द्यायची की नाही, हे संघ ठरवू शकतो. दुसऱ्याला माफ करायचा अधिकार संघाला दिला कुणी?

२०१९ सालची गोष्ट आठवते? हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल करण जोहरच्या कार्यक्रमात गेले होते. पंड्या तिथं बायकांबद्दल जे बोलला, ते मी इथं लिहिणार नाही. आमच्या गावच्या पारावर तसं कुणी बोललं तर म्हातारी माणसं उठून जातील. क्रिकेट मंडळानं दोघांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, निलंबित केलं. मला वाटलं, चला, कुणाला तरी लाज वाटली. दोन आठवड्यांत निलंबन उठलं. एप्रिलमध्ये लोकपालांनी प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला. त्यातले दहा लाख निमलष्करी दलांतल्या दहा शहीद जवानांच्या पत्नींना, एकेक लाखाप्रमाणे, आणि दहा लाख अंध क्रिकेटपटूंच्या निधीला. पैसा चांगल्या हाती गेला, याचा आनंदच आहे. पण बोलला होता तो तरुण मुलींबद्दल. त्यांचा या सगळ्यात संबंध कुठं आला? त्यांना कुणी काही विचारलं? मे महिन्यात मुंबई इंडियन्सनं आयपीएल जिंकली, पंड्या त्या संघात होता, आणि प्रकरण मिटलं. पंड्यानं माफी मागितली होती, पुढं देशासाठी विश्वचषकही जिंकून दिला, हे सगळं खरं. त्याला जन्मभर बाहेर ठेवायला हवं होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्या हिशेबात कुठंच नव्हत्या.

आणि पोरीचं चुकलं, की माप कसं बदलतं बघा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकनंतर कुस्ती महासंघानं विनेश फोगाटला बेशिस्तीबद्दल निलंबित केलं. आरोप काय? इतर मुलींसोबत राहिली नाही, सराव वेगळा केला आणि महासंघाच्या प्रायोजकाऐवजी दुसऱ्या कंपनीचा पोशाख घातला. पोशाखावरचं नाव चुकलं म्हणून पोरगी बेशिस्त! तिच्यासाठी कुणी बैठकीत म्हणालं का, ‘तेवढं सोडलं तर पोरगी गुणी आहे’? आपल्या कानावर तरी हे वाक्य मुलीसाठी कधी आलंय? मुलीचं ‘तेवढं’ कधीच सुटत नाही.

एका गावानं मात्र हिशेब वेगळा मांडला. गाव लांबचं, स्कॉटलंडमधलं कर्कॉल्डी. तिथं रेथ रोव्हर्स नावाचा जुना फुटबॉल क्लब आहे. जानेवारी २०२२ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी डेव्हिड गुडविली नावाचा खेळाडू घेतला. गोल करण्यात तरबेज, एकेकाळी देशाकडून खेळलेला. पण २०१७ मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयानं, त्यानं आणि त्याच्या साथीदारानं २०११ मध्ये एका स्त्रीवर बलात्कार केला होता, असा निर्णय देऊन तिला एक लाख पौंड भरपाई द्यायला लावली होती. फौजदारी खटला त्याच्यावर कधी चालला नाही, त्यामुळं तो तुरुंगात गेला नाही. क्लबनं आधी सांगितलं, की हा निर्णय आम्ही फुटबॉलचा विचार करून घेतलाय. म्हणजे तेच आपलं, तेवढं सोडलं तर!

पण त्या गावची एक बाई आहे, व्हॅल मॅकडर्मिड. रहस्यकथा लिहिते, जगभर नाव आहे. लहानपणापासून या क्लबची भक्त, तिचे वडील क्लबसाठी नवे खेळाडू हुडकायचे. क्लबच्या शर्टावर प्रायोजक म्हणून तिचं नाव असायचं. तिनं आपला पैसा आणि आपलं नाव दोन्ही काढून घेतलं. दहा वर्षं तिथं खेळलेली महिला संघाची कर्णधार संघ सोडून गेली. नुसती तीच नाही, अख्ख्या महिला संघानं क्लबशी नातं तोडलं आणि त्या लेखिकेचं नाव आपल्या संघाला घेतलं. तीन-चार दिवसांत क्लबनं माफी मागितली आणि तो आमच्याकडून खेळणार नाही, असं जाहीर केलं.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती ती कर्णधार. लेखिकेकडं पैसा होता, नाव होतं. हिच्याकडं फक्त आपला खेळ होता, तो तिनं सोडला. आणि क्लबच्या बैठकीत गोल मोजणाऱ्यांना तोवर कळलंच नव्हतं, की त्याच क्लबचं नाव लावून पोरीसुद्धा खेळतात.

आमच्या अंगणातल्या कमिटीनं हे सगळं ऐकून घेतलं. एकानं शहाणा प्रश्न विचारला. ‘‘पण काकू, याच्यावर तर केसही नाही. उद्या कुणीही कुणावर आळ घेईल. मग काय सगळ्यांनाच बाहेर काढायचं?’’

प्रश्न खोटा नाही. आरोप झाला म्हणजे गुन्हा झाला, असं मीही मानत नाही. माझ्या शाळेतल्या नोकरीत खोट्या तक्रारीनं होरपळलेला माणूस मी बघितलाय. पण दोन गोष्टी आहेत. एक, संघात न घेणं म्हणजे तुरुंगात टाकणं नव्हे. कुणाचा हक्क हिरावला जात नाही, एक मान दिला जात नाही, इतकंच. आपण सत्यनारायणाला कुणाला बसवायचं, हे ठरवायला कोर्टाचा निकाल मागतो का? दुसरं, इथं आळ कुठं होता? व्हिडिओ या पाचही जणांच्या मोबाइलवर येऊन गेला होता. त्यांनी बघितला होता. मी विचारलं, ‘‘कुणी पुसला? कुणी त्याला म्हणालं, की हे बरोबर नाही?’’ सगळ्यांच्या माना खाली.

‘‘त्याचाही विचार करा की,’’ पुतण्या हळूच म्हणाला. ‘‘दोन एकर कोरडवाहू. घरी बसलेलं. बॅटशिवाय त्याच्याकडं काय आहे?’’

हे मात्र मला लागलं. कारण खरं होतं. एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं, शिक्षण अर्धवट, लग्नाला मुलगी मिळायची मारामार. एका सामन्याचे हजार रुपये आणि चार लोकांच्या टाळ्या, एवढंच त्याचं जग. त्याला जन्मभर वाळीत टाकावं, असं मला कसं वाटेल? पण मग मी त्यांना विचारलं, ‘‘आणि तिच्याकडं काय होतं रे, पायांशिवाय?’’

धाराशिवची सारिका काळे खो-खो खेळत खेळत भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही कर्णधार मराठी मुलगी होती, प्रियांका इंगळे. आमच्या गल्लीतली पोरगी तिथवर गेलीच असती, असं मी म्हणत नाही. परभणीपर्यंत गेली असती. कदाचित जिल्ह्याच्या संघात. कदाचित खेळाडू म्हणून पुढं कुठं नोकरीला लागली असती. माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. एका पोराचा गुण वाया जाऊ नये, म्हणून सगळी कमिटी जागी. एका पोरीचा गुण वाया गेला, तेव्हा कुणाची वही उघडली नाही.

क्रिकेटमध्ये म्हणे सगळं लिहिलेलं असतं. रणजीतली सगळ्यात मोठी खेळी आजही आपल्या महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकरांच्या नावावर आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. समोरच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला, म्हणून ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम नऊ धावांनी वाचला. त्या खालोखाल शॉचे ३७९. निंबाळकरांना तर एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तरी निदान त्यांच्या धावा लिहिलेल्या आहेत, पंचाहत्तर वर्षांनीसुद्धा आपण वाचतो. जी पोरगी मैदानावरूनच उठवली गेली, तिची नोंद कुठल्या वहीत असते?

म्हणून मी कमिटीला माझं मत सरळ सांगितलं. बिघडलेल्या पोराला संघात घेऊच नये, असं नाही. पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा. त्याच्या वागण्याची किंमत कुणी मोजली, त्यानं की दुसऱ्यानं? दुसऱ्यानं मोजली असेल, तर त्या माणसाला आधी विचारलं का? आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केली का? ‘गैरसमज झाला’ म्हणणं ही कबुली नव्हे. या तिन्हींचं उत्तर नीट आलं, तर खुशाल घ्या. मी स्वतः तुमच्याबरोबर टमटममध्ये बसून त्याचे षटकार बघायला येईन.

‘‘म्हणजे आम्ही काय करायचं?’’

‘‘तिच्या घरी जा. पोरीला आणि तिच्या आईला विचारा, की आम्ही त्याला आपल्या गावच्या नावानं खेळवणार आहोत, चालेल का? सोबत त्यालाही न्या, माफी मागू द्या. शर्टावर ‘वालूर’ लिहिता ना? मग गावात तीही राहते.’’

चहाचे कप तसेच ठेवून कमिटी उठली. तीळ निवडायचे राहून गेले होते, ते मी रात्री निवडले. घरात थोडी कुरकुरही झाली. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘पोरांच्या खेळात तुम्ही कशाला पडता, बाई?’’ मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. म्हणाला, ‘‘काकू, नाही घेत आम्ही त्याला.’’

‘‘पटलं का?’’

‘‘पटलं म्हणजे... तिच्या घरी जाऊन विचारायला कुणी तयारच होईना. त्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला.’’

मला वाटतं, उत्तर त्यातच आलं. जी गोष्ट एका पोरीच्या आईच्या डोळ्यांत बघून विचारता येत नाही, ती अंगणात बसून वहीत लिहिणं सोपं असतं.

टुर्नामेंट झाली. आमचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला. तो डावखुरा दुसऱ्या गावाकडून खेळला आणि ते गाव फायनलला गेलं. पिठाच्या गिरणीत एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘यंदा काकूंनी हरवलं.’’ हरवलं तर हरवलं. चांगलं वागलं की बक्षीस मिळतं, असं मी पोरांना कधी सांगितलंच नव्हतं.

पुतण्यानं मात्र एक केलं. आता संध्याकाळी पोरींच्या सरावाच्या वेळी त्यांच्यातली दोन-तीन पोरं मैदानाच्या तोंडाशी बसतात आणि बाहेरची मोटारसायकल थांबली की जाऊन विचारतात, काय काम आहे. हे मी सांगितलं नव्हतं.

आणि ती? मागच्या आठवड्यात मी तिकडून येत होते, तर मैदानाच्या कडेला ती बसलेली दिसली. मांडीवर मैत्रिणींची दप्तरं आणि ओढण्या. खेळत नव्हती, नुसती बघत होती. मी थांबले. म्हटलं, ‘‘का गं, पाय विसरले का?’’ तर म्हणाली, ‘‘पप्पांनी फक्त बसायला परवानगी दिलीय.’’

आज नाही तर उद्या तिच्या वडिलांकडं जाणार आहे मी. त्या पोरांनाही सोबत घेऊन. या कामाला तरी कुणी नाही म्हणणार नाही, अशी आशा आहे.